किराण्याचं बिल कमी करायचंय: दुकान बदलू की सवयी?

निवडुंग
नमस्कार मंडळी,
हा विषय आधी चघळून झाला असेल तर सांगा, धागा उडवते. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, घरात चार माणसं. आम्ही दोघं नोकरीवाले, एक अकरावीतला मुलगा ज्याला फ्रीज उघडून उभं राहायचा छंद आहे, आणि सासूबाई, ज्यांचं म्हणणं मला काहीच लागत नाही, फक्त चहा. किराणा, भाजी, फळं, साबण-पावडर, नाश्त्याचं सगळं धरून महिन्याला साडेचौदा हजाराच्या आसपास जातंय. दूध, मासळी-चिकन आणि बाहेरचं खाणं यात धरलेलं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी हेच दहा-साडेदहात भागायचं, महागाई मान्य आहे पण एवढी?

नवरा म्हणतो वाशी मार्केटातून एकदम माल भरू. नणंद म्हणते डीमार्टला जा. मला वाटतं दुकान कुठलंही धरा, फरक पडून पडून किती पडणार, पैसे दुसरीकडेच कुठेतरी गळतायत. पण कुठे ते हाती लागत नाहीये. तुम्ही कसं करता? एकच अट, तूरडाळ, तांदूळ आणि चहा हलका घ्या असं सांगू नका, घरात मोर्चा निघेल.

खवचट_काका
अकरावीवाल्याला हॉस्टेलला ठेवा, बिल निम्मं. हलकेच घ्या.

फोडणी
हॉस्टेलची फी कोण भरणार काका, तुम्ही?

हिशेबनीस
चांगला धागा. मी मार्केटिंगमध्ये होतो, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

आपण पाकिटाच्या पुढची मोठ्ठी किंमत बघतो आणि उचलतो. पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती रुपये पडतात तो. गेल्या काही वर्षांपासून कंपन्यांना तो छापावा लागतो. त्याच सुमारास अमुक वस्तू अमुकच वजनात विकायची हा जुना नियम निघाला. आधी चहा, बिस्किटं, डिटर्जंट, तेल यांची मापं ठरलेली असायची, आता कोणीही कितीचंही पाकीट काढतं. त्यामुळे दोन पाकिटं शेजारी धरून नुसती किंमत ताडून काही कळत नाही.

तेलाचं बघा. एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. समजा एका कंपनीची एक लिटरची पिशवी १५५ ला आहे आणि शेजारी तेवढीच दिसणारी दुसरी १४९ ला. हात १४९ कडे जाणार. उलटून बघितलं तर तीवर ८५० ग्रॅम लिहिलेलं. हिशेब केला तर पहिली किलोला १७० पडते आणि 'स्वस्त'वाली १७५. पिशवी फुगवून भरलेली असते, आकारावरून फरक कळत नाही, मुद्दाम दाबून बघा.

दुसरं म्हणजे मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही. डिटर्जंटमध्ये तर कित्येकदा किलोच्या पाकिटापेक्षा अर्ध्या किलोची दोन पाकिटं स्वस्त पडतात कारण लहान पाकिटावर स्कीम चालू असते. सेल्समनला टार्गेट असतं, तो लहान पाकिटं ढकलतो. आणि मॉलमध्ये डोळ्याच्या पातळीवर जे लावलेलं असतं ते तिथे फुकट लागलेलं नसतं. खाली वाका.

विरारफास्ट
खाली वाका म्हणे. साडेआठला घरी पोचतो, त्यानंतर कुठल्या मॉलमध्ये वाकू? सगळे सल्ले दिवसभर मोकळा असलेल्या माणसासाठी असतात. आपला हिशेब साधा, वेळेलाही किंमत आहे. वाशीला जायला अर्धा रविवार, रिक्षा, हमाल, वर मान मोडते, आणि वाचले किती तर पाचशे.

निवडुंग
@विरारफास्ट, नवऱ्याला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणतोय पाचशे नाही जास्त वाचतील. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जाऊन येऊ म्हणतो. पंचवीस किलो तांदळाची गोण ट्रान्सहार्बरला कोण चढवणार हे विचारल्यावर गप्प आहे.

पाऊणशेर
वाशीचं मार्केट मुळात होलसेलचं. तिथे दाणा बंदरात (धान्याच्या बाजारात) किंवा मसाला मार्केटात पाच-दहा किलो देणारे गाळे आहेत, पण खरा भाव गोणीला. चार-पाच घरं मिळून टेम्पो केलात तर परवडतं, एकट्या घरासाठी जाण्यात अर्थ नाही. आम्ही सोसायटीतल्या सहा घरांनी दिवाळीआधी सुका मेवा आणि फराळाचं सामान असं आणलं होतं. माल उत्तम, पण वाटपाच्या वेळी बदाम कोणाच्या वाट्याला जास्त गेले यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत.

आत्याबाई
आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. एप्रिल-मे आला की वर्षाचं भरायचं. गहू मार्च-एप्रिलात नवा येतो, तूर जानेवारीपासून मार्चपर्यंत, तेव्हा भाव उतरलेले असतात. गहू उन्हात वाळवून एरंडेल तेलाचा हात फिरवायचा, डाळींना पण. तांदळात कडुनिंबाचा सुकवलेला पाला. आणि कोकणातली माणसं असाल तर आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचीच, सुकट, जवळा, सुके बोंबील, मसाला, पापड, कोकमं, चिंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी मिळते ती बर्फातली आणि दुप्पट भावाची, तेव्हा डब्यातला जवळा कामाला येतो. कांदा पण आत्ताच भरा. उन्हाळ कांदाच टिकतो, दिवाळीच्या आसपास येणारा लाल कांदा महिनाभरात मोड धरतो. टोपलीत मोकळा पसरून ठेवा, बटाट्याच्या शेजारी नको.

फोडणी
आत्याबाई, आदर आहे पण मुंबईत हे कुठे करायचं सांगा. चारशे स्क्वेअर फुटात बेड, कपाट, मुलाचं टेबल, आणि गव्हाची कोठी माझ्या डोक्यावर? गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, तिथे मोबाईलचा टॉवर. वाळवण कुठे घालू, कॉरिडॉरमध्ये? आणि इथली जुलैची हवा. मीठाला पाणी सुटतं, डाळीत पोरकिडे, रव्यात जाळ्या. सहा महिन्यांचं भरून दोन महिन्यांत अर्धं टाकायचं ही कसली बचत.

मी फार तर महिना-दीड महिन्याचं भरते. रवा, बेसन, मैदा आणला की पाकिटासकट तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, मग डब्यात. किड्याची अंडी असतील तर मरतात. पावसाळ्यात तर रवा सगळाच फ्रीजमध्ये राहतो.

आत्याबाई
ते फ्रीजरचं चांगलं आहे हो, आमच्याकडे फ्रीजच नव्हता. एक मात्र सांगते, काही घरांत तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत होती. ते अजिबात करू नका, विषच ते. चार लवंगा टाका हवं तर.

लालबागचा_गडी
आगोटीचा विषय निघालाच आहे तर मसाल्यावर या. रोजच्या वापरातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पाकिटातला मसाला, पन्नास-शंभर ग्रॅमच्या पुड्यांचा किलोला भाव काढून बघा, चक्कर येईल. सुटी तिखट-हळद पूड घेऊ नका, सुटी पूड विकायला कायद्याने परवानगीच नाही आणि त्यात काय घातलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. लालबागला मिरची गल्लीत या. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, पाहिजे तेवढं प्रमाण सांगा. धणे, बाकीचा गरम मसाला तिथेच निवडून घ्या, तिथेच भाजून देतात आणि डंकावर समोर कुटून देतात. पिशवीतून घरी नेताना ट्रेनमध्ये शेजारचा शिंकतो तेवढाच काय तो त्रास.

फक्त मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी येऊ नका. अख्खी मुंबई, वरून ठाणे-पालघर, सगळे तिथे. मधल्या वारी सकाळी या. आणि मिरची हातात घेऊन मोडून बघा, कडक वाजली पाहिजे. लवली तर ओल आहे, म्हणजे पाण्याचे पैसे देताय आणि पावसाळ्यात बुरशी फुकट. देठं काढलेली मिरची किलोला महाग दिसते पण देठांचं वजन जातं, हिशेब जवळपास तोच.

विरारफास्ट
देठ काढायला बसणारी माणसं घरी असतील तर. :)

सातबारा
डाळ-तांदूळ सुटे घ्या. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकला. वाण्याने गोणीतून मोजून दिलेल्यावर नाही. म्हणूनच मार्केटात २६ आणि ३० किलोच्या गोण्या दिसायला लागल्या. शिवाय पाकिटाचा, जाहिरातीचा खर्च वेगळा. तीच सुरती कोलम, तीच लातूरची तूर.

हिशेबनीस
@सातबारा, कर बरोबर, पण 'तीच तूर' कशावरून? सुट्यात लाखी (तुरीत भेसळीला घालतात ती लाखेची डाळ) मिसळलेली असते का हे कसं ओळखणार? पाकिटावर निदान कोणाचं तरी नाव-पत्ता असतो.

सातबारा
लाखी चपटी आणि कोनेदार असते, एका बाजूला उतरती, तूर गोलसर. वाटीभर डाळ पांढऱ्या ताटलीत पसरा आणि नुसतं बघा. आजी रोज हेच करायची, त्याला 'डाळ निवडणं' म्हणायचे, कोर्स नव्हता लावला तिने.

आणि ओळखीच्या वाण्याकडून घेतली तर तो फसवत नाही, कारण उद्या मी परत त्याच्याच दारात. आमच्या नाक्यावरचे शेठ स्वतःच सांगतात, या लॉटची शिजत नाही, नका घेऊ. शिजली नाही तर परत घेतात, वहीत मांडून ठेवतात, व्हॉट्सअपवर यादी टाकली की पोरगा पिशवी घेऊन दारात. चार्ज शून्य. हे कुठला ऍप करतो?

फोडणी
आमचा वाणी पण यादी टाकली की पिशवी पाठवतो, पण यादीत लिहिलेलं नसतं ते 'नवीन आलंय, बघा' म्हणून बरोबर पाठवतो. परत करायला लाज वाटते हे त्याला पक्कं माहीत आहे.

निवडुंग
इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून गेल्या महिन्याचं बिलं-मेसेज-यूपीआय सगळं धुंडाळलं. नवऱ्याचा आणि मुलाचाही फोन घेतला (मुलाचा मिळवायला वाटाघाटी कराव्या लागल्या). असं निघालं:

वाण्याचं महिन्याचं सामान ६,३००. भाजी-फळं ३,६००. आणि दहा मिनिटांत घरी आणून देणारे ऍप, तिघांचे मिळून, ४,७००. एकूण १४,६००.

म्हणजे ज्याच्यासाठी वाशीला जायच्या गोष्टी चालल्यात तो किराणा निम्मासुद्धा नाही. ऍपच्या बिलात कोथिंबीर, ब्रेड, अंडी ठीक आहे, पण त्यांच्याबरोबर चिप्स, कोल्ड्रिंक, चॉकलेटं, आईस्क्रीम, एका बिलात फक्त लिंबं आणि त्याच्यावर डिलिव्हरी, हँडलिंग आणि लहान ऑर्डरचा दंड मिळून लिंबांपेक्षा जास्त.

खवचट_काका
सोन्याची लिंबं. सरबत चमच्याने प्या.

हिशेबनीस
आलं हाती! हाच खेळ आहे. ऍपची सगळी रचना 'अमुक रुपयांची ऑर्डर झाली की डिलिव्हरी फुकट' यावर उभी असते. कोथिंबिरीची जुडी हवी असते वीस रुपयांची, डिलिव्हरीचे पंचवीस वाचवायला माणूस दीडशेचं काहीतरी घालतो आणि वाचवल्याचा आनंद मानतो. त्या 'काहीतरी'वर त्यांचं मार्जिन असतं, कोथिंबिरीवर नसतं.

वेलची_नको
मी ऍपच्या बाजूने बोलते. माझं बाळ सात महिन्यांचं, नवरा शिफ्टला, लिफ्ट महिन्यातून चार वेळा बंद. दहा मिनिटांत डायपर आणि दूध येतं म्हणून मी वेडी झालेली नाही. सरसकट ऍपला शिव्या घालू नका.

निवडुंग
@वेलची_नको, तुमचं अगदी पटलं, तुमच्या जागी मीही तेच करीन. आमच्या घरात मात्र चालते-फिरते तीन जण आहेत आणि भाजीवाली गेटबाहेर बसते.

पाऊणशेर
ऍपमध्ये यादी कार्टमध्ये टाकायची पण ऑर्डर द्यायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. अर्ध्या वस्तू आपल्याच आपल्याला नको वाटतात. कार्ड सेव्ह केलेलं असेल तर काढून टाका, नंबर टाकायचा कंटाळा आला की भूक पण जाते.

विरारफास्ट
ऍपवाल्यांना कोणी सांगू नका, नाहीतर बोटाचा ठसा मागतील.

आंबेगाव_नव्हे
एक बारकासा प्रश्न. मे महिन्यात हापूसचा खर्च किराण्यात धरायचा की भाजी-फळांत?

खवचट_काका
कर्जात.

लालबागचा_गडी
अवांतर: पेटीवर देवगड लिहिलंय म्हणून देवगडचा धरू नका, मुंबईत कर्नाटकचा माल देवगडच्या नावाने सर्रास खपतो. अक्षय्य तृतीयेला घेऊ नका, त्या दिवशी भाव देवाच्या पण हातात नसतो. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाली येतो. आणि लहान फळ घ्या, डझनाला स्वस्त, चवीत काही कमी नाही, फक्त पाहुण्यांसमोर ठेवताना दिसायला लहान.

आंबेगाव_नव्हे
पाहुणे येतच नाहीत मेमध्ये, आले तर आम्ही पायरी काढतो.

आत्याबाई
भाजीचं बोला की. छत्तीसशे भाजी-फळांत म्हणताय. भाजी संध्याकाळी उशिरा घ्यावी. वसईकडच्या बायका स्टेशनबाहेर बसतात, नऊ वाजत आले की त्यांना गाडी पकडायची असते, पालेभाजीचा वाटा निम्म्यात देऊन टाकतात. पण तेव्हा घेतलेली मेथी त्याच रात्री निवडली पाहिजे, सकाळपर्यंत ठेवली की पिवळी. दादरला प्लाझाच्या बाजूला पहाटे गेलात तर भाव आणखी कमी, पण तिथे दोन-अडीच किलोच्या खाली कोणी बोलत नाही.

फोडणी
त्याच रात्री कोण निवडणार हा प्रश्न कोणीच विचारत नाहीये, मी विचारते. अख्ख्या धाग्यात 'निवडा, वाळवा, कुटा, नीट बघा, यादी करा' चाललंय, हे करतंय कोण? बिल दोन हजारांनी उतरलं की नवरा ऑफिसात सांगणार आम्ही वाशीहून भरतो. आणि ऑफिसहून येऊन रात्री साडेदहाला मेथीच्या काड्या मोडत बसलेली मी. स्वस्त घेतलं की काम वाढतं, आणि ते काम हिशेबाच्या वहीत कुठेच येत नाही. निवडलेली मेथी दहा रुपये महाग असली तरी मी तीच घेते आणि मला त्याची अजिबात खंत नाही.

वेलची_नको
+१००

विरारफास्ट
फोडणीताई, खरं आहे. मी म्हटलं तेच तुम्ही नीट म्हटलंत. आमच्याकडे भाजी निवडणं माझ्याकडे आहे, टीव्हीसमोर बसून होतं, फार जड नाही. गवार मात्र मी घेतच नाही.

सातबारा
टाकून जातं त्याचाही हिशेब करा की कोणी. आमच्या घरी ठरलंय, शुक्रवारी नवीन भाजी आणायची नाही, फ्रीजमध्ये जे आहे ते संपवायचं. शनिवारी मिसळणाची भाजी, शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, उरल्या भाताचं थालीपीठ किंवा फोडणीचा भात. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची तीळ घालून, फ्लॉवरचे कोवळे दांडे पिठल्यात, मुळ्याचा पाला तर मुळ्यापेक्षा चांगला. नातेवाईक मला कंजूष म्हणतात आणि चटणी मागून नेतात.

फोडणी
कोथिंबिरीचं सांगते, तिच्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आणली की धुवायची नाही. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. फडकं ओलं झालं की बदलायचं. आठवडा आरामात. धुऊन ठेवली की तिसऱ्या दिवशी काळी चिकट. काड्या फेकू नका, वाटणात घाला, वास पानांपेक्षा काड्यांना जास्त.

हिशेबनीस
जीएसटीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, तूप-बटर-चीज १२ वरून ५ वर. महिन्याच्या यादीतल्या याच वस्तूंची जुनी बिलं काढून आत्ताच्या एमआरपीशी ताडून बघा. आणि एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त, त्याच्या खाली विकायला कोणाला बंदी नाही. डीमार्टचा सगळा धंदाच त्यावर आहे, पवईत २००२ ला पहिलं दुकान टाकलं तेव्हापासून. नाक्यावरच्या वाण्यालाही महिन्याची मोठी यादी देताना विचारा, दोन-चार टक्के सोडतो. लोक भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतात आणि वाण्याच्या पाच हजारांच्या बिलावर मान खाली घालून पैसे देतात.

सातबारा
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

पाऊणशेर
इतक्या चर्चेत कोणी ग्राहक पंचायतीचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करतेय. आसपासच्या काही घरांचा गट करायचा, महिन्याचं मागणीपत्रक भरून पैसे आधी द्यायचे, माल एका घरी उतरतो, तिथे सगळ्यांनी जमून वाटून घ्यायचा. ऑफिस पार्ल्याला ग्राहक भवनात. आई-वडिलांच्या पिढीत आमच्या चाळीत गट होता, वाटपाचा दिवस म्हणजे पोरांना सण, आम्ही पिशव्यांवर नावं लिहायचो.

मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट भाव वाटत नाही. महिन्याला एकदाच मागणी लिहायची, त्यामुळे घरात काय आहे काय नाही हे बघूनच लिहावं लागतं. डबे उघडून बघितल्याशिवाय पत्रक भरता येत नाही. आणि मधेच संपलं तर पुढच्या वाटपापर्यंत चालवून घ्यायचं. साखर संपली तर गुळाचा चहा.

खवचट_काका
निवडुंगताईंच्या सासूबाईंना गुळाचा चहा देऊन बघा. धाग्याचा दुसरा भाग काढावा लागेल.

लालबागचा_गडी
आमच्या भागातलं अपना बाजार पण त्याच जातकुळीचं, १९४८ साली नायगावात कामगारांनी उभं केलेलं सहकारी. गिरण्या होत्या तेव्हा पगाराच्या दिवशी रांग लागायची. आता गिरण्या गेल्या, टॉवर आले, टॉवरवाले ऍपवर मागवतात.

विरारफास्ट
गटाचं चांगलं वाटतं पण आजकाल सोसायटीत माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पिशव्या काय वाटणार.

पाऊणशेर
बदामावरून न बोलणारी दोन घरं तरी एकमेकांना ओळखतात आता. :)

निवडुंग
अपडेट देते. वाशीचा बेत रद्द, नवऱ्यानेच रद्द केला, गोणीच्या विचाराने. वाण्याला हिशेबनीसांचं ऐकून मोठ्या बिलावर विचारलं, त्याने तीन टक्के सोडले आणि वर म्हणाला 'ताई तुम्ही कधी विचारलंच नाही'. चहा, तूर आणि कोलम त्याच्याकडूनच, आधी होते तेच.

ऍप माझ्या एकटीच्या फोनवर ठेवलंय, नवऱ्याने काढलं, मुलाने काढलं असं म्हणतो. फ्रीजवर कागद लावला, ज्याला जे हवं ते त्यावर लिहायचं, शनिवारी एकदम येईल. पहिल्या दिवशी मुलाने लिहिलं: चिप्स, चिप्स, 'आईने न चिडणं'. फोडणीताईंचं मात्र डोक्यातून जात नाहीये, कारण कागद लावला मी, वाचणार मी, सामान आणणार मी. म्हणून महिन्याची यादी आता नवऱ्याकडे दिलीय, डबे बघून त्यानेच लिहायची. पहिल्याच फेरीत त्याने मोहरीची तीन उघडी पाकिटं शोधून काढली आणि असा चेहरा केला जणू मी साठेबाजी करते.

महिना पूर्ण झालेला नाही, त्यामुळे बिल किती झालं ते आत्ता सांगत नाही. पाऊणशेर, मुलुंड पूर्वेला पंचायतीचा गट असेल तर माहिती द्याल का?

पाऊणशेर
विचारून व्यक्तिगत निरोप करते. गट असेल तर मागणीपत्रकही नवऱ्याकडेच द्या, घडी बसलीच आहे तर.

निवडुंग
त्याला मटकी आणि चवळी वेगळी ओळखू येत नाही हो.

खवचट_काका
दोन्ही पाच-पाच किलो येऊ द्या. पुढच्या महिन्यात अंधारातसुद्धा ओळखेल.